ज्याच्या ताटात जेवतो

बोर्डिंगचा स्वयंपाकी थावरा आडे गेला, तेव्हा शाळेनं प्रार्थनेनंतर त्याच्यासाठी एक छोटी सभा ठेवली. शाळेचे प्रमुख फादर तुस्कानो यांनी सगळ्यांत जुने म्हणून खिल्लारे सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी कळमनुरीहून मुद्दाम आले होते. ते माइकपाशी गेले, चष्मा पुसला, "थावरा चांगला माणूस होता," एवढं म्हणाले आणि परत येऊन खुर्चीत बसले. मुलांना वाटलं, सरांना भरून आलं. सरांना मात्र खाली बसल्यावर वेगळीच लाज वाटत होती. पंचवीसहून जास्त वर्षं एका आवारात काढली, रोज दुपारी त्याच्या हातचं खाल्लं, आणि बोलायला उभं राहिल्यावर लक्षात आलं की या माणसाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. मोकळ्या वेळात तो काय करायचा, तो कधी कुणावर रागावला का, त्याला स्वतःला काय खायला आवडायचं, यातलं एकही सांगता आलं नसतं. एक गोष्ट तेवढी माहीत होती. तीही अगदी उशिरा कळली होती, आणि ती माइकवर सांगण्यासारखी नव्हती.

ती गोष्ट एका ताटाची.

वारंगा फाट्याहून कळमनुरीकडे येताना रस्त्याला लागून ही शाळा आहे. पाटीवर संत योसेफाचं नाव आहे, पण जीपवाले "फादरची शाळा" म्हटल्यावरच थांबतात. शाळा फक्त मुलांची, पाचवी ते दहावी. मागे बोर्डिंग, बोर्डिंगच्या बाजूला चॅपल, आणि मध्ये जेवणाचा लांबलचक हॉल. हॉलच्या एका भिंतीला छतापर्यंत मांडणी आहे आणि तिच्यात स्टीलची ताटं उभी लावलेली असतात. प्रत्येक ताटाच्या काठावर एक नाव ठोकलेलं. लग्नात आहेराच्या भांड्यांवर असतं तसं.

ही बोर्डिंगाची जुनी रीत. अगदी सुरुवातीच्या काळात एका पोरानं घरून ताट आणलं नव्हतं, तर दहावी होऊन निघालेल्या मुलानं आपलं त्याला देऊन टाकलं. तेव्हाच्या फादरांना ते फार आवडलं आणि त्यांनी त्याचा नियमच करून टाकला. दहावीचं वर्ष सरत आलं की मुलानं आपल्या नावाचं एक ताट आणायचं. मार्चमध्ये संत योसेफाचा सण असतो, त्या दिवशी चॅपलमधली मिस्साची प्रार्थना झाली की ते स्वतःच्या हातानं धुवायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि मांडणीत ठेवायचं. जूनमध्ये नवा मुलगा आला की त्याला त्यातलं एक मिळतं. मग तो दहावीपर्यंत त्याच ताटात जेवतो, आणि प्रत्येक जेवणाआधी सगळ्यांबरोबर म्हणतो, "देवा, हे अन्न दिलंस, तुझे उपकार. ज्याच्या ताटात मी जेवतो, त्याचं भलं कर." 'त्याचं' या जागी प्रत्येकानं आपल्या ताटावरचं नाव घ्यायचं असतं. त्यामुळे त्या एका शब्दाला हॉलमध्ये एकदम शंभर वेगवेगळी नावं उठतात आणि नुसता गलका होतो. नवे फादर आले की पहिल्या दिवशी त्यांना वाटतं, पोरं दंगा करून राहिली.

खिल्लारे सर, म्हणजे तेव्हाचा गोरेगावकडचा रत्नपाल, इथंच शिकला. तो विजयकुमार नावाच्या कुणाच्या तरी ताटात जेवायचा. विजयकुमार दिसायला कसा, कुठला, काय करतो, हे त्याला कधी कळलं नाही. पण त्याचं भलं त्यानं दिवसातून दोन वेळा मागितलं. रत्नपालच्या वडिलांनी बोर्डिंगात सोडताना सांगितलं होतं, "देव त्यांचा हाय, त्येचं आपल्याला काय करायचं न्हाई. पण त्या पोराचं नाव मनापासून घेत जा. त्येच्या ताटात खातूस."

रत्नपालची दहावी झाली तेव्हा त्याची आई पंचफुला कळमनुरीच्या बाजारात गेली आणि ताट घेऊन आली. घरात तोवर सगळं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं होतं. स्टीलचं हे पहिलं भांडं, आणि तेही दुसऱ्याला द्यायचं. नाव टाकणाऱ्यानं ठोकून ठोकून काठावर लिहिलं, 'रत्नपाल किसन खिल्लारे'. आईला वाचता येत नव्हतं. ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसली आणि मग तिनं विचारलं, "ह्याच्यात कोणाचं लेकरू जेवंल का रे?"

रत्नपाल म्हणाला, "जेवंल की. तसा नियमच हाय."

आईनं ताट पदरानं पुसलं. गावात ज्या घरी ती शेत निंदायला जायची, तिथं तिची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी असायची. चहा पिऊन तिनंच ती विसळून ठेवायची. नियम तिलाही माहीत होते.

पुढे रत्नपाल शिकला आणि त्याच शाळेत मराठीचा मास्तर होऊन आला. पहिल्या दिवशी जेवणाची घंटा झाल्यावर तो सगळ्यांत आधी मांडणीपाशी गेला. एक एक नाव वाचलं. मग जेवत्या पोरांमधून मागं-पुढं फिरला, प्रत्येकाच्या ताटाचा काठ पाहिला. त्याचं नाव कुठंच नव्हतं.

कुणाला विचारलं असतं तर कदाचित लगेच कळलं असतं. पण सरांचा स्वभाव विचारण्याचा नव्हता. त्यांनी आपल्या मनाशीच उत्तर ठरवून टाकलं. कुणाच्या तरी घरचे आले असतील, काठावरचं आडनाव वाचून काहीतरी बोलले असतील, आणि वाद नको म्हणून फादरांनी ते ताट गुपचूप बाजूला काढलं असेल. फादरांचा त्यांना राग आला नाही. विचारलं आणि हेच उत्तर मिळालं तर काय करायचं, एवढीच भीती होती. आई अधूनमधून विचारायची, "कोण जेवतं रे आपल्या ताटात?" सर सांगायचे, "हाय एक पोरगं." तिला तेवढं पुरायचं. ती गेली तरी हेच उत्तर राहिलं.

थावरा बोर्डिंगात स्वयंपाकाला आला, तेव्हा सरांच्या नोकरीला बरीच वर्षं झाली होती. उंच, खांद्यात जरा वाकलेला, मनगटावर उसाच्या पाचटाचे जुने चरे. तांड्यावरचा माणूस. मुलं पहिल्या आठवड्यातच त्याला मामा म्हणायला लागली. तो मुलांशी हसायचा, त्यांची थट्टा करायचा. कुणी भाजी टाकली की म्हणायचा, "टाक बाबा. तुझ्या सासरी रोज श्रीखंड राहणार हाय, सवय मोडू नको." पण सरांपुढे आला की गप्प. आमटी वाढायची, मान खाली घालायची आणि पुढं सरकायचं. पहिल्या दिवशी सर त्याला चांगुलपणानं म्हणाले होते, "थावराभाऊ, आमटी चांगली झाली." तर तो दचकल्यासारखा झाला आणि आत निघून गेला. सरांनी त्याचाही अर्थ मनाशी लावला. काही माणसं वाढतात, पण बोलत नाहीत. असं त्यांनी आधी पाहिलेलं होतं. त्यांनी त्याला पुन्हा बोलण्यात ओढलं नाही.

एवढं मात्र खरं, की सरांची भाकरी नेहमी तव्यावरची यायची. तास लांबला आणि उशीर झाला, तरी त्यांच्यासाठी झाकून ठेवलेलं असायचं. सरांना वाटायचं, फादरांनी सांगितलं असेल.

अशी वर्षं गेली. सर निवृत्त झाले. मग गेल्या वर्षी, थंडीचे दिवस सरताना, त्यांना कळलं की थावराचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय आणि तो घरी पडून आहे. सरांनी दोन दिवस जावं की नाही याचाच विचार केला. आपण गेलेलं त्याला आवडेल का? शेवटी केळी घेतली, जीप पकडली, आणि फाट्यावर उतरून तांड्याकडे चालत निघाले.

थावरा दारातल्या बाजेवर पडला होता. सरांना पाहून तो उठायलाच लागला.

"पडून राहा, पडून राहा," सर म्हणाले. "टाके ओले असतील."

"सर, तुमी काहून तकलीफ घेतली?"

"तकलीफ काय. जीपनं तर आलो."

सरांनी केळी बाजेच्या कडेला ठेवली. दोघांनाही बोलण्याची सवय नव्हती. तेवढ्यात थावराची बायको भिकाबाई बाहेर आली. तिला मात्र बोलायचा कंटाळा नव्हता. "शाळेतले सर न्हवं? बसा. जेवल्याबिगर जायचं न्हाई. ह्या माणसानं हजारो लेकरं जेवू घातले, आन् घरी आलेलं माणूस उपाशी जाईल व्हय?"

"नको, मी घरून..."

"ते काई सांगू नका."

ती आत गेली. थावरा बाजेवरून तिला काही सांगायला बघत होता, पण जोर करून हाक मारली की टाका ओढायचा. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाढलेलं ताट होतं. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्याचं आळण, ठेचा, बाजूला कांदा. तिनं ते सरांपुढे ठेवलं आणि कौतुकानं सांगितलं, "पाव्हण्यारावळ्याला हेच काढते. घरातलं चांगलं ताट हाय."

सरांनी भाकरीला हात घातला. भाकरी काठावरून सरकली आणि खाली ठिपक्यांची ओळ दिसली. घासून घासून पुसट झालेली, पण वाचता येत होती.

रत्नपाल किसन खिल्लारे.

सरांनी हात मागे घेतला. त्यांनी थावराकडे पाहिलं, तर थावरा छपराकडे पाहत होता.

भिकाबाईला वाटलं, काही पडलं-बिडलं. "काय झालं? खडा हाय का?"

"न्हाई," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी गावची बोली आली. "हे नाव. हे माझं नाव हाय."

भिकाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हंजे ते रत्नपाल तुमी?"

"व्हय."

तिनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं. सर उंचीनं बेताचेच, अंगानंही काटकुळे. "मला वाटलं होतं, मोठे असतील," ती म्हणाली.

थावराला हसू आलं आणि हसताना पोट दुखलं. त्यानं कुशीवर हात दाबला, आणि मग छपराकडे बघतच बोलायला लागला. एका दमात तो एवढं बोलू शकतो, हे सरांना माहीतच नव्हतं.

तो म्हणाला, "सर, तुमी दहावी होऊन गेले त्याच जूनमधी मी पाचवीला आलो. हे ताट मला भेटलं. नववीपरेंत ह्याच्यात जेवलो. मंग दिवाळीच्या टायमाला ऊसतोडीचा मुकादम आला. माय-बाप उसाला चालले होते. लहान्यांना सांभाळायला आजी होती, ती वारली. मला म्हणले, चाल. म्या फादरला म्हणलं, दोन महिन्यात येतो. सकाळी जेवलो, ताट धुतलं, आन् गठुड्यात टाकलं. चोरी म्हणून न्हाई, सर. येणारच होतो ना. मांडणीत ठिवलं असतं तर दुसऱ्याला देऊन टाकलं असतं. मंग मी आल्यावर कशात जेवलो असतो?"

"मग?"

"मंग काय. आलोच न्हाई. लगन झालं, लेकरं झाले, तरी ऊसच. पुढं शाळेतल्या फादरनी बोर्डिंगात बलावलं, तवा ताट घेऊनच आलतो. पिशवीत होतं. म्हणलं, पयल्याच दिवशी देऊन टाकू. तर पयल्याच दिवशी तुमी मांडी घालून जेवाया बसले. दुसरे मास्तर म्हणाले, हे खिल्लारे सर, रत्नपाल खिल्लारे. आन् तुमी वर पाहून म्हणता, आमटी चांगली झाली. मंग कसं सांगावं? चोरानं आमटी केली म्हणून सांगू?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"दुसऱ्या दिवशी तर आनखीन अवघड."

हे सरांना लगेच पटलं. त्यांनी स्वतःही तेच केलं होतं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. जे विचारायचं होतं ते आता विचारलं नसतं, तर परत कधीच विचारलं गेलं नसतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, माझ्या ताटात कुणी जेवलंच नाही. म्हणून फादरांनी काढून टाकलं."

"काहून न्हाई जेवणार?" थावरा म्हणाला. मग त्यानं मान वळवली, सरांकडे पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं. कोपरावर जोर देऊन तो थोडा उठला. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"सर," तो म्हणाला, "उसाच्या फडात आमच्या पाचटाच्या कोपीत एवढं एकच ताट होतं. बाकी सगळं जर्मनचं, चेपलेलं. हे मधी ठिवायचं आन् भवती पाच जण बसायचं. माय, बाप, आमी तिघं भाऊ. मंग माझे लेकरं. दिपाला तर ह्याच्यातच भाताचा पयला घास दिला. किती जेवले म्हणून सांगू?"

भिकाबाईनं आपली भर घातली. "आन् जेवायच्या आधी रोज रत्नपालचं भलं कर. हात जोडल्याबिगर हा माणूस खाऊ देत न्हाई. दिपाला वाटायचं, रत्नपाल म्हंजे आमचा कोणी आजा हाय, मेलेला."

"आजून जिता हाय," थावरा म्हणाला.

"दिसून राहिलं."

सर हसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ठेच्यानं येतं तसंही असू शकत होतं, आणि तिथं कुणी विचारलं नाही. ते जेवले. दुसरी भाकरी घेतली. घरून निघताना पोटात जागा नव्हती, हे ते विसरूनच गेले होते. आपली नोकरी सुरळीत गेली, मुलगी करुणा शिकली, दोन वेळा आजारातून उठलो, हे सगळं आपल्या हातून कसं झालं याचं त्यांना नेहमी नवल वाटायचं. देवाधर्माचं त्यांचं फारसं नव्हतं. पण कुणीतरी रोज दोन वेळा, कधी उसाच्या पाचटात बसून, आपलं नाव घेत होतं, हे समजल्यावर त्यांना आयुष्य आहे त्यापेक्षा जास्त भरलेलं वाटलं. आणि आईला दिलेलं उत्तर खोटं नव्हतं. एक पोरगं होतं.

जेवण झाल्यावर सरांनी ताट धुवायला उचललं, तर भिकाबाईनं हातातून काढून घेतलं.

"घेऊन जा सर," थावरा म्हणाला. "तुमचं हाय."

"माझं नाही. बोर्डिंगचं आहे."

"मंग?"

"मग काय. सणाला आणा. धुऊन, पुसून ठेवा. तसा नियम आहे."

"नियम दहावी झालेल्याचा हाय. माझी नववी."

"ताट तर दहावी झालेल्याचं आहे ना," सर म्हणाले. आयुष्यात एखाद्या वेळीच त्यांना असं नेमकं उत्तर वेळेवर सुचलं असेल.

पण थावराच्या मनाला ते सहज पटलं नाही. पोरं काय म्हणतील, फादर काय म्हणतील, एवढी वर्षं दडवलं म्हणून नोकरी गेली तर, हे त्यानं दोन वेळा विचारलं. सर एवढंच म्हणाले, "मी येतो. मागे उभा राहतो."

संत योसेफाच्या सणाला सर आले आणि खरोखरच मागच्या दाराशी उभे राहिले. मिस्सा झाली. दहावीची मुलं नळावर ताटं धुऊन ओळीनं हॉलमध्ये आली. ओळीच्या शेवटी, धुतलेला सदरा घालून, हातात ताट घेऊन थावरा होता. पोरांमध्ये खसखस पिकली. शेषराव नावाचा एक दहावीचा मुलगा म्हणाला, "मामा, कोणत्या सेंटरला होता पेपर?"

"तुझ्या मागंच बसलो होतो," थावरा म्हणाला. "तू कॉपी केली, म्या न्हाई केली. म्हणून इतके वर्षं लागले."

हॉल हसला. थावरा फादर तुस्कानोंसमोर आला, तेव्हा मात्र त्यानं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. त्यानं काय सांगितलं ते मागे ऐकू आलं नाही. फादर ऐकत होते, मधेच त्यांनी ताटाचा काठ वाचला, आणि मग त्यांनी मान वर करून मागच्या दाराकडे पाहिलं. सर भिंतीला आणखी चिकटले. फादर वसईचे, आवाज मोठा. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थावरा, इतकं वापरलेलं ताट मी आजवर पाहिलं नाही. ठेव जागेवर."

थावरानं फडक्यानं ते पुन्हा एकदा पुसलं आणि मांडणीत ठेवलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सरांना फादरांकडे एक जुनं पुस्तक परत करायचं होतं. ते पुस्तक एवढ्या घाईनं परत करण्याची काही गरज नव्हती. ते नेमके जेवणाच्या वेळी पोचले आणि हॉलच्या खिडकीपाशी थांबले. कोपऱ्यात पाचवीची नवी पोरं बसली होती, अजून घरची आठवण काढणारी, रडून सुजलेली. त्यांतल्या एका जाडजूड कानांच्या पोरासमोर ते ताट होतं. प्रार्थना सुरू झाली. त्या एका शब्दाला नेहमीसारखा गलका उठला, आणि त्या गलक्यात त्या पोराचे ओठ हलले. आवाज ऐकू आला नाही. सरांनी पोराचं नाव कुणाला विचारलं नाही, आडनावही नाही. त्यांना ते जाणून घ्यायचं नव्हतं.

थावरा वाढून झाल्यावर हात पुसत बाहेर आला. ऑपरेशननंतर तो थोडा बारीक झाला होता, पण मान खाली घातलेली नव्हती.

"तुम्ही आता कशात जेवता?" सरांनी विचारलं.

"जे हाती येईल त्यात. रोज नवं नाव. काल शेषरावमधी जेवलो. तिखट लागलं."

सर हसले. मग त्यांनी खिडकीकडे हात करून विचारलं, "जेवलं का ते पोरगं?"

"दोनदा भात घेतला."

"बरं."

"तुमी बसता का? वरण पातळ झालंय आज, पण हाय."

"नको. जीप निघेल."

"मंग आयतवारी या. वांगे आणणार हाय."

"येतो," सर म्हणाले.